सजवलेलं कव्हर टिकत नाही? गोंद बदलण्याआधी हे तपासा

बालवाडीतल्या कृतिपुस्तिकेचं कव्हर मुलांकडून सजवून घेतलं की पहिले चार दिवस सगळे खूश असतात. मग टिकल्या गळायला लागतात, कडा वर येतात, एकाचा रंग दुसऱ्याच्या पुस्तकाला लागतो आणि पालकांचा ठरलेला प्रश्न येतो, "ताई, कुठला गोंद आणू?" मी चिपळूणला बालवाडीत शिकवते. आमच्याकडे शाळा आणि पाऊस जोडीनेच सुरू होतात, त्यामुळे ही तक्रार दर जूनची, आणि पुस्तकांची डागडुजी करत बसणं दर जुलैचं.

गोंदाचा दोष त्यात क्वचितच निघतो. गोंद कशावर लावला, त्यावर आधी काय रंगवलं होतं आणि पुस्तक मिटलेलं होतं की उघडं, यातच बहुतेक वेळा घोळ असतो. म्हणून आधी लक्षण ओळखा आणि मग खालच्या क्रमाने तपासत जा. सुरुवातीच्या तपासण्या फुकट आहेत. नव्या गोंदाच्या बाटलीवर पैसे घालायची पाळी बहुधा येतच नाही.

लक्षणं

पुस्तक उजेडात धरा आणि सुटून आलेल्या वस्तूची मागची बाजू बघा. सगळ्यात जास्त माहिती तिथेच मिळते.

- वस्तूच्या मागे गोंदाची पारदर्शक, गुळगुळीत चकती आहे आणि कव्हरवर काहीच खूण नाही: गोंदाने कव्हर धरलंच नव्हतं. दुसरी आणि तिसरी तपासणी.
- वस्तूच्या मागे कागदाचा पापुद्रा निघून आलाय: गोंदाने आपलं काम चोख केलं, कागद हरला. वस्तू जड आहे किंवा जागा चुकली. चौथी आणि सहावी.
- वस्तू बोटाने दाबली की सरकते, कडेला पांढरं दिसतं: वाळलेलं नाही. पहिली.
- रंग बोटाला लागतो, शेजारच्या पुस्तकावर छाप उठतो: तिसरी.
- पुस्तक मिटून ठेवलं तरी आ वासून राहतं, किंवा कण्यापाशी, म्हणजे पुस्तकाच्या शिवलेल्या कडेपाशी, कव्हर फाटलंय: पाचवी.
- कव्हर कौलासारखं वळलंय: सातवी.
- कव्हरवरून पिठासारखी भुकटी पडते आणि मधूनच एखादा पोरकिडा चालताना दिसतो: थेट सहावी, आणि ते पुस्तक आधी इतरांपासून लांब ठेवा.

आणखी एक लक्षण आहे ज्याला गोंद-कागदाशी देणंघेणं नाही. मूल ते पुस्तक आपलं मानतच नाही. त्याबद्दल मध्ये सविस्तर लिहिलंय, कारण माझ्या मते ते सगळ्यात महत्त्वाचं आहे.

पहिली तपासणी: वाळलंय का?

पांढरा गोंद, म्हणजे आपण सरसकट ज्याला फेव्हिकॉल म्हणतो तो, पाण्यात मिसळलेल्या बारीक कणांचा असतो. पाणी निघून गेलं की कण एकमेकांना धरतात आणि गोंद पारदर्शक होतो. पांढरं दिसतंय म्हणजे आत अजून पाणी आहे, इतका सोपा हिशेब. हे पाणी कागदात शिरून किंवा कडेने उडून जातं. वर टिकली, चमकीचा कागद किंवा प्लॅस्टिकचा तुकडा असेल तर वरची वाट बंद, फक्त कडा उरते. आणि बाहेर हवाच ओलीचिंब असेल तर कडेनेही ते लवकर जात नाही. बाटलीवर छापलेल्या वेळा कोकणातला जुलै समोर ठेवून लिहिलेल्या नसतात.

उपाय फुकटचा आहे. पुस्तक आडवं ठेवून पंख्याखाली काही तास, वरून कोरडं लागेपर्यंत. मग वर बटर पेपर किंवा दुधाची धुतलेली पिशवी पसरून त्यावर पाट, पाटावर तांदळाचा डबा, आणि रात्रभर तसंच. मध्ये वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई ओल्या गोंदावर उठते आणि कागदही चिकटून बसतो. केस वाळवायच्या ड्रायरने घाई करू नका. वर साय धरते, आत पाणी तसंच राहतं, आणि दुसऱ्या दिवशी दप्तरात सगळं सरकतं.

आम्ही चिकटकाम शुक्रवारी घेतो. शनिवार-रविवार पुस्तकं वर्गातच आडवी पडून राहतात. एवढा एक बदल केला तरी निम्म्या तक्रारी येत नाहीत. घरी करत असाल तर सकाळी शाळा आणि आदल्या रात्री नऊला चिकटवाचिकटवी, हे मुळातच करू नका.

दुसरी: कव्हर पाणी पितं का?

बोट पाण्यात बुडवून एक थेंब कव्हरच्या कोपऱ्यावर ठेवा आणि थोडं थांबा. थेंब जिरून कागद काळपट झाला तर पांढरा गोंद तिथे धरेल. थेंब अळवाच्या पानावर राहावा तसा गोल उभा राहिला तर नाही धरणार, कितीही महागाचा आणा. पाणी आत शिरलं नाही तर गोंदही आत शिरत नाही, वरच्यावर वाळतो आणि नखाने अख्खा निघतो. वर सांगितलेली ती गुळगुळीत चकती ती हीच.

छापील कृतिपुस्तिकांची मूळ कव्हरं बहुतेक लॅमिनेट केलेली असतात. त्यावर आपण पारदर्शक प्लॅस्टिकचं कव्हर घालतो आणि मग त्या प्लॅस्टिकवर मुलाला टिकल्या लावायला देतो. पाणी न पिणारे दोन थर, एकावर एक.

खाकी कागदाचं कव्हर असेल तर त्याच्या दोन बाजू हाताने चाचपून बघा. एक चकचकीत, एक खरखरीत. रिवाज चकचकीत बाजू बाहेर ठेवायचा आहे, कारण ती मळत नाही. सजावट करायची असेल तर खरखरीत बाजू बाहेर घ्या. गोंदही धरते आणि खडूही नीट उठतो. थोडं लवकर मळेल, मळू दे.

लॅमिनेट केलेल्या कव्हरचं काय करायचं? काहीजण पॉलिश पेपरने घासतात. थोडाफार फरक पडतो, पण मुलांसमोर ते करू नका, भुकटी उडते आणि प्रत्येकाला घासून बघायचं असतं. मी कव्हरला हातच लावत नाही. मुलाला चित्रकलेचा जाडसर कागद वेगळा देते, उघडणाऱ्या कडेला चार बोटं आणि बाकी बाजूंना दोन बोटं लहान कापलेला. मूल त्यावर हवं ते करतं. कागद पूर्ण वाळला की सपाट काम असेल तर प्लॅस्टिक कव्हरच्या आत सरकवायचा, उंचसखल काम असेल तर दुहेरी चिकटपट्टीने चारी कडा आणि मध्ये एक आडवी पट्टी लावून वरून बसवायचा. चिकटपट्टी पाण्यावर अवलंबून नसते, त्यामुळे गुळगुळीत पृष्ठभागावर ती पांढऱ्या गोंदापेक्षा बरी. आधी कव्हर कोरड्या फडक्याने पुसा, मुलांच्या हाताचं तेल आणि डब्यातला तूप-चपातीचा अंश तिथे असतोच.

या पद्धतीचा दुसरा फायदा असा, की बिघडलं तर कागद बदलतो, पुस्तक नाही. मुलाच्या हातून पाण्याची वाटी सांडली तरी कोणाचा जीव खालीवर होत नाही.

तिसरी: आधी काय रंगवलंय?

ओलं बोट रंगावर हलकेच फिरवा आणि मग कोरडं बोट दुसऱ्या जागी फिरवा.

ओल्या बोटाला रंग आला तर ते स्केचपेन किंवा जलरंग. त्यावर ब्रशने गोंद फिरवला की सूर्याच्या पिवळ्यात डोंगराचा हिरवा उतरणारच. तिथे कांडीचा गोंद वापरा, त्यात पाणी कमी असतं. क्रेप कागदाचाही हाच स्वभाव, ओला झाला की रंग सोडतो. लाल क्रेपची फुलं पांढऱ्या कागदावर लावायची असतील तर गोंद थेंबभरच.

कोरड्या बोटालाही रंग आला तर ते ऑइल पेस्टल. ते कधीच पूर्ण वाळत नाही, त्यामुळे 'अजून दोन दिवस ठेवू' म्हणून उपयोग नाही. त्यावर पारदर्शक कव्हर हा एकच इलाज.

बोटाला काहीच आलं नाही, पण पृष्ठभाग बुळबुळीत लागतो, तर तो मेणखडू. तिसऱ्या तपासणीत सापडणारा सगळ्यात नेहमीचा दोष इथे आहे. मूल आधी मन लावून अख्खा कागद खडूने भरतं, मग आपण त्यावर कागदाचे तुकडे चिकटवायला सांगतो. मेणावर गोंद बसत नाही. क्रम उलटा करा, आधी चिकटकाम, वाळल्यावर खडू. आधीच रंगवून झालं असेल तर जिथे चिकटवायचंय तेवढ्या जागेवरचं मेण चमच्याच्या दांड्याने किंवा पट्टीच्या कडेने खरवडून काढा आणि कांडीचा गोंद दोन्ही बाजूंना लावा.

पोस्टर रंगाचे पापुद्रे निघत असतील तर थर जाड झालाय. कालवताना त्यात थोडा पांढरा गोंद मिसळला की वाळलेला रंग वाकवल्यावर इतका तडकत नाही. भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे घेताना रंग वाटीतून देऊ नका. ताटलीत ओला स्पंज ठेवून त्यावर रंग घाला आणि मुलांना स्पंजवर टेकवून मग कागदावर टेकवायला सांगा. भेंडीच्या पोकळ कप्प्यांत रंग साठत नाही आणि फुलाची कड नीट उठते.

चौथी: मूल पुस्तक कुठे धरतं?

इथे काही करायचं नाही, फक्त बघायचं. मुलाला सांगा, तुझं पुस्तक घेऊन ये. बहुतेक मुलं कण्याच्या विरुद्ध बाजूचा खालचा कोपरा धरून पुस्तक खेचून काढतात, लटकवत आणतात आणि जमिनीवर आपटून ठेवतात. त्या कोपऱ्यावर लावलेलं फूल आठवडाही काढत नाही. कण्याजवळचा भाग प्रत्येक वेळी वाकतो, तिथलं जाड काम उखडतं.

म्हणून उघडणाऱ्या कडेला चार बोटं आणि कण्याला दोन बोटं जागा मोकळी. मुलाला 'इथे लावू नको' सांगून उपयोग नसतो, चार वर्षांच्या मुलाला आखलेली रेघ हे ओलांडायचं आमंत्रण वाटतं. वेगळा कागदच लहान दिला की प्रश्न संपतो.

पुस्तकं ठेवायची पद्धतही बघा. फळीवर एकावर एक रचलेली असतील तर ओढताना वरच्या पुस्तकाचं बूड खालच्याच्या सजावटीवर घासतं. उभी ठेवा, कणा बाहेर. मुलांना नाव वाचता येत नाही म्हणून कण्यावर प्रत्येकाची खूण लावा: छत्री, मासा, आंबा, एसटी.

आणि हे पुस्तक कोणाचं?

कव्हर सुंदर आहे, काहीही निघालेलं नाही, तरी मूल ते उचलत नाही किंवा दुसऱ्याचं घेऊन बसतं. घरून आलेल्या पुस्तकांत हे हमखास दिसतं. एका पुस्तकावर घोटीव कागदाचा मोर होता, पिसाऱ्यातला एकेक डोळा कात्रीने कापलेला. मालकीण साडेतीन वर्षांची. "हे कोणाचं गं?" "मम्मीचं." तिने स्वतःचं म्हणून शेजारणीचं पुस्तक धरलं होतं, ज्यावर नुसता निळ्या खडूचा गरगरा होता.

तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला गरगरा काढायचा असतो, कागद फाडायचा असतो, गोंदाचा ठिपका देऊन त्यावर काहीतरी दाबायचं असतं. मोर त्याला काढायचा नसतो. चारच्या आसपास माणसं येतात, डोक्यातूनच हातपाय फुटलेली, मग घर, मग सूर्य. जे वय आहे तेच कव्हरवर येऊ दे. पालक सजवतात त्यामागे शाळेचीही भीती असते, बाकीच्यांची चांगली दिसतील आणि आपल्याचं वेंधळं दिसेल ही. त्यावर मी पालकसभेत सरळ सांगते, घडी तुमची, चित्र मुलाचं. कव्हर घालणं, कागद कापणं, चिकटपट्टी लावणं हे मोठ्यांनी करायचं. कुठला तुकडा कुठे आणि किती, हे मुलाने. मूल म्हणालं झालं, की झालं, मग अर्धा कागद रिकामा का राहीना.

बनवताना समोर वस्तू कमी ठेवा. दोन प्रकारचे कागद, एक रंग, एक गोंद. दहा वाट्या मांडल्या की मूल चिकटवत नाही, वाट्या एकमेकींत ओततं. कात्रीची घाई नको, लहानांसाठी फाडकाम पुरतं आणि फाटलेल्या कडा कापलेल्या कडांपेक्षा छान बसतात, कारण त्या पातळ असतात आणि उचकटत नाहीत.

काही मुलांना बोटाला गोंद लागलेला अजिबात खपत नाही, रडतात. त्यांना आइस्क्रीमची काडी द्या किंवा वर्तमानपत्राची घट्ट सुरळी. ओलं फडकं बाजूला ठेवा, पुसता येतं हे कळलं की बरीचशी निवळतात.

पाचवी: पुस्तक मिटून बघा

कव्हर घातलेलं पुस्तक टेबलावर मिटून ठेवा. वरची बाजू आपोआप उचलली जातेय का?

आपण कव्हर घालताना पुस्तक उघडं पसरतो, दोन्ही बाजू आत दुमडतो आणि ताणून चिकटवतो. पुस्तक मिटलं की कव्हरला पुढची बाजू, मागची बाजू आणि वर कण्याची जाडी एवढं अंतर गाठावं लागतं. उघडं असताना ती जाडी हिशेबात नव्हती. मग एकतर पुस्तक मिटत नाही किंवा कागद कण्यावर फाटतो. शिवाय कृतिपुस्तिका वर्षभर फुगत जाते. आत पानं, कापूस, लोकर, घडीकामाच्या होड्या चिकटतात, आणि दिवाळीपर्यंत तिची जाडी जूनपेक्षा कितीतरी वाढते.

दुरुस्ती सोपी आहे. आतल्या दुमडी सोडवा, पुस्तक मिटा, आणि मिटलेल्या पुस्तकावर कव्हर बसवून कण्यापाशी करंगळीचं टोक जाईल इतकी सैल जागा ठेवा. दुमडी मूळ कव्हरला चिकटवू नका. कागदाच्या कागदाला, कोपऱ्यावर चिकटपट्टीचा तुकडा, बस. पुढे पुस्तक फुगलं की सोडवून सैल करता येतं.

आधी कव्हर, मग सजावट हाही क्रम पाळा. सुट्या खाकी कागदावर सजवून मग घडी घातली की नेमकी घडी हत्तीच्या सोंडेवर येते.

सहावी: चिकटवलंय काय?

कडधान्यं आणि डाळी चित्रात सुरेख दिसतात, पण पावसाळ्यात कव्हरवर नकोत. ओल धरून फुगतात, बुरशी येते, किडे होतात, आणि एका पुस्तकातून कपाटभर जातात. डहाणूजवळच्या बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे बिया, पानं, शंख-शिंपले अशा परिसरातल्या वस्तूंपासूनच शिकायची साधनं झाली. तेव्हापासून आपल्या बालवाड्यांना बियांचं प्रेम आहे, ते योग्यही आहे. पण त्या बिया हातात घेऊन मोजायच्या, निवडायच्या, टोपलीत परत ठेवायच्या. दप्तरात रोज घासल्या जाणाऱ्या कव्हरवर त्यांचं काम नाही. किडे लागलेलं चित्र मुलाला सांगून काढा, हवं तर फोटो काढून ठेवा, आणि कागद बदला.

पानं लावायची तर जुन्या जाड पुस्तकात आठवडाभर दाबून सुकवलेली. ताजं पान सुकताना आकसतं आणि गोंदातून स्वतःला सोडवून घेतं.

लग्नपत्रिकेवरचा गणपती हा आपल्याकडचा लाडका ऐवज. तो सुटतो कारण पुठ्ठा जाड असतो आणि परत सरळ व्हायला बघतो. कापल्यावर कोपरा नखाने उकलून मागचे एक-दोन थर सोलून काढा. उरलेला पातळ, खरखरीत मागचा भाग मस्त चिकटतो. राखीचे गोंडे आणि जड खडे सोडून द्या.

टिकल्यांचा स्वतःचा गोंद त्वचेसाठी असतो, कागदावर जास्त दिवस राहत नाही. मागे पांढऱ्या गोंदाचा ठिपका हवा. जिलेटीन कागद पांढऱ्या गोंदाला दाद देत नाही, तो चिकटपट्टीनेच. चकाकीची भुकटी ओल्या गोंदावर टाकली की फक्त खालचा थर धरतो, वरची सगळी पुढे महिनाभर वर्गात फिरते. झटकून टाका, वाळल्यावर पाण्यात पातळ केलेल्या गोंदाचा हात वरून द्या, खाली स्केचपेन नसेल तरच. वरून सेलोटेप लावणं व्यर्थ आहे, टेप भुकटीला चिकटते, कागदाला नाही. मी भुकटीऐवजी रांगोळी देते. थर्माकोलचा विचारच नको. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२पासून देशभर बंदी आहे.

सातवी: कव्हर वळतंय

कागद ओला झाला की तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतो आणि वाळताना आकसतो. एकाच बाजूला भरपूर गोंद असेल तर ती बाजू ओढली जाते. कागद उलटा करून मागून ओल्या फडक्याने अगदी हलका पुसा आणि दोन बटर पेपरांमध्ये वजनाखाली रात्रभर ठेवा. बहुधा सपाट होतो.

पुन्हा पुन्हा वळत असेल तर कागद आडवा कापला गेलाय. टपाल तिकिटाएवढा तुकडा पाण्यावर तरंगत सोडा. त्याची वळून नळी होते, नळीची लांबी ज्या दिशेने ती तंतूंची दिशा. ही दिशा कण्याला समांतर हवी, मग घडी स्वच्छ बसते आणि कव्हर वळत नाही. घरी एका पुस्तकासाठी एवढं कोणी करणार नाही, ठीक आहे. पण बालवाडीसाठी कागदाचं भेंडोळं आणलंत तर पहिल्या कव्हरआधी एकदा बघून घ्या.

आठवी: सगळं काढून नव्याने

वरचं काहीच लागू पडलं नाही तर कव्हर उतरवा. मुलाचं चित्र वाचवायचं असेल तर चित्र आहे तेवढा कागद कापून ठेवा, खरवडून काढायला जाऊ नका. कव्हर काढल्यावर पुस्तकाच्या मधल्या पिना बघा. पावसात गंजतात आणि टोकं वर आली तर बोटाला लागतात. उलट्या चमच्याने दाबून आडवी करा. गंजून तुटली असेल तर काढून टाका, आणि तुकडे मोजून कचऱ्यात टाका. चटईवर पडलेली पिन रांगणारं भावंड शोधतं. नवीन कव्हर, मग वेगळा कागद, मग मूल.

इथे थांबा

पानांचे गठ्ठे सुटून येत असतील तर ते कव्हरचं दुखणं नाही. कण्यात गोंद ओतू नका, पानं कायमची चिकटतील. बाइंडिंगवाल्याकडे द्या, तो कडेला भोकं पाडून शिलाई मारून देतो. चित्र लॅमिनेट करायला टाकणार असाल तर आधी विचारा. गरम मशीनमध्ये मेणखडू वितळून पसरतो, आणि उंच काम रोलरमध्ये अडकतं.

पाच वर्षं उलटून गेल्यावरही मुलाला खडू धरवत नाही, किंवा गोंद, माती, भात, कपड्याची शिवण अशा सगळ्याच स्पर्शांना ते घाबरतं, तर बालरोगतज्ज्ञांना सांगा. त्यात कव्हर सजवून घ्यायचा आग्रह धरू नका.

डाळ, मणी किंवा टिकली नाकात-कानात गेली तर चिमटा, हेअरपिन, पाणी, तेल यांपैकी काहीही वापरायचं नाही. डाळ पाण्याने फुगते आणि चिमट्याने आणखी आत जाते. सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. भुकटी डोळ्यात गेली तर चोळू न देता स्वच्छ पाण्याने धुवा, तरी टोचत राहिलं तर दवाखाना. पिन गिळल्याची नुसती शंका आली तरीही दवाखाना. गाणारं किंवा लुकलुकणारं स्टिकर असेल तर त्यातला बटणासारखा सेल गिळला जाऊ शकतो. तो सेल तासाभरातसुद्धा अन्ननलिकेला जखम करतो, त्यामुळे 'शौचातून पडेल' म्हणून वाट न बघता लगेच मोठं हॉस्पिटल गाठा. अशी स्टिकरं आम्ही वर्गात घेतच नाही.

झटपट चिकटणारा गोंद, फेव्हिक्विकसारखा, मुलांच्या आसपास उघडू नका. बोटं चिकटली तर कोमट साबणपाण्यात भिजवून हळूहळू सोडवा. कापसाने किंवा सुती फडक्याने पुसू नका, सुताशी लागून तो तापतो आणि चटका बसतो. पापण्या चिकटल्या तर ओढायच्या नाहीत, कोमट पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.